गोव्यात राहून इलेक्ट्रिक गिटारचं किट घरी जोडायचं असेल तर

किट जोडणं म्हणजे खरं तर स्क्रू पिळणं, ते कोणालाही जमतं. पण त्यातून वाजवण्यासारखी गिटार बाहेर येते की नुसती भिंतीवर टांगायची वस्तू, हे ठरतं नेकवर, म्हणजे गिटारच्या लांब दांड्यावर. आणि लोक काय करतात, तर बॉडीच्या रंगात आठवडेच्या आठवडे घालवतात, सनबर्स्ट करू का निळा मारू, आणि नेकच्या वाट्याला शेवटचा अर्धा तास. माझं म्हणणं उलटं करा. बॉडीला नुसतं तेल चोळलंत तरी चालेल, वेळ सगळा नेक, फ्रेट (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) आणि नटवर (नेकच्या वरच्या टोकाची खाचांची पट्टी, तिच्यातून तारा जातात) घाला, कारण हात तिथंच फिरणार आहे.

दुसरं म्हणजे सीझन. व्हिडिओ बघून काम करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा, ते व्हिडिओ बहुतेक कोरड्या हवेतल्या लोकांनी केलेले असतात. आपल्याकडे जुलैत हवेत आर्द्रता सहज ८५ टक्क्यांच्या वर असते, फोंड्यात काय नि पेडण्यात काय, कपाटातल्या चपलांवर पण बुरशी येते, तिथं लाकडावर फिनिश कसलं बसणार. एनसी लॅकर, म्हणजे थिनरमध्ये पातळ करायचं नायट्रोसेल्युलोजचं फिनिश, अशा हवेत मारलं की पांढरट धुकं धरतं, कारण थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि हवेतलं पाणी त्यावर बसतं. म्हणून चवथ आणि दसरा होऊ द्या, फिनिशचं काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत घ्या. किट आधी आलंच तर पावसाळ्यात फ्रेटचं काम, शील्डिंग (घुरघुर कमी करायला आत तांब्याचा टेप लावणं), सोल्डरिंग हे सगळं करून ठेवता येतं, त्याला हवा आड येत नाही.

आता किट कुठलं घ्यायचं. पहिल्यांदा करताय तर बोल्ट-ऑन घ्या, म्हणजे नेक चार स्क्रूनी बसतो ते, फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टर (स्ट्रॅट) किंवा टेलिकास्टर (टेली) टाईप. लिओ फेंडर मुळात रेडिओ दुरुस्त करणारा माणूस, स्वतः गिटार वाजवत नव्हता, आणि त्याने १९५० च्या आसपास टेली आणि १९५४ ला स्ट्रॅट काढली ती अशीच, सुटे भाग करून जोडायची, बिघडलं की स्क्रू काढून बदलायची. म्हणून किटसाठी ही डिझाईन एकदम फिट बसतात. लेस पॉल टाईपमध्ये नेक गोंदाने चिकटवायचा असतो, अँगल चुकला की परत काढणं कठीण, ते दुसऱ्या वेळेला. टेली सगळ्यात सोपी कारण ट्रेमोलोची (दांडी दाबून सूर हलवायचा स्प्रिंगवाला ब्रिज) भानगड नाही. तरी स्ट्रॅटचीच किटं जास्त मिळतात म्हणून पुढचं सगळं स्ट्रॅट धरून लिहितोय. बाहेरून मागवत असाल तर कस्टम ड्यूटी आणि शिपिंग धरून हिशोब करा, स्वस्त दिसणारं किट दारात येईपर्यंत स्वस्त राहतंच असं नाही.

फ्रेटबोर्ड (नेकवरची फ्रेट बसवलेली फळी) शिसवीचा नसेल तर नाराज होऊ नका. २०१७ साली शिसवीच्या जातीच्या लाकडांवर आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियम कडक झाले तेव्हा बऱ्याच कंपन्यांनी दुसरी लाकडं धरली, २०१९ च्या शेवटी तयार वाद्यांना सूट मिळाली तरी स्वस्त किटात अजून दुसरंच लाकूड येतं. वाजवायला काही फरक पडत नाही.

बॉक्स आला की लगेच रंगाचा डबा उघडू नका. आधी सगळे भाग चादरीवर मांडून मोजा, छोटे स्क्रू वेगवेगळ्या वाट्यांत घाला, कारण पिकगार्डचे (बॉडीवरची प्लॅस्टिकची प्लेट) आणि ट्यूनरचे (तारा ताणायच्या खुंट्या) स्क्रू दिसायला सारखे असतात पण सारखे नसतात. मग नेक डोळ्याला लावून हेडस्टॉककडून, म्हणजे खुंट्यांच्या टोकाकडून, बॉडीच्या दिशेने बघा, किंचित वाकलेला चालेल, पिळलेला मात्र चालणार नाही, पिळ असला तर तसाच परत पाठवा, त्याच्यावर घरी इलाज नाही. आणि स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी, मोजा. नटपासून १२ व्या फ्रेटपर्यंत जेवढं अंतर तेवढंच १२ व्या फ्रेटपासून ब्रिजच्या सॅडलपर्यंत (बॉडीकडे तार ज्या तुकड्यावर टेकते तो) हवं. फेंडर स्केल ६४८ मिलिमीटर, म्हणजे नट ते १२ वा फ्रेट ३२४. बारीक ईचा, म्हणजे सगळ्यात बारीक तारेचा, सॅडल ६४८ च्या जवळपास येतो आणि जाड ईचा त्याच्याही दोन-तीन मिलिमीटर मागे. किटात ब्रिजची भोकं बहुतेक पाडूनच येतात, ती चुकीच्या जागी असतील तर आताच कळू दे, रंग मारून झाल्यावर नको.

मग कोरडी जुळणी करा. नेक चार स्क्रूनी बसवा, ब्रिज नुसता ठेवा, आणि दोन्ही ईच्या जागी दोरा ताणून बघा. दोन्ही दोरे फ्रेटबोर्डच्या कडेपासून सारख्या अंतरावर पाहिजेत. एका बाजूला सरकले असतील तर स्क्रू थोडे सैल करा, नेक हाताने हलका दाबा, परत आवळा, पॉकेटमध्ये, म्हणजे बॉडीतल्या नेकच्या खाचेत, तेवढी जागा असतेच.

स्क्रूचं एक बघा. नेकचे स्क्रू बॉडीतल्या भोकातून सैल गेले पाहिजेत आणि फक्त नेकमध्ये पकडले पाहिजेत. बॉडीतही आटा पकडत असेल तर नेक आणि बॉडीमध्ये फट राहते आणि तुम्ही कितीही आवळलंत तरी ती मिटत नाही, बॉडीची भोकं हलकीशी मोठी करा. स्क्रूला मेणबत्ती घासा. साबण लावायला कोणी सांगेल तर नको, साबण हवेतलं पाणी ओढतो आणि इथल्या खाऱ्या हवेत स्क्रू गंजतो. ट्यूनरचे स्क्रू तर इतके मऊ असतात की मेपलमध्ये तसेच पिळले की डोकं तुटून हातात येतं, म्हणून आधी दीड-दोन मिलिमीटरचं भोक पाडायचं, ड्रिल बिटला टेप गुंडाळून खोली ठरवायची, म्हणजे हेडस्टॉकच्या पलीकडे निघणार नाही. सहाही ट्यूनर स्टीलची पट्टी लावून एका रेषेत ठेवा आणि मगच भोकं पाडा.

बऱ्याच किटांत हेडस्टॉक चौकोनी फळीसारखाच येतो, कापलेला नसतो, कारण मोठ्या कंपन्यांचे आकार ट्रेडमार्क आहेत. हे मला तरी आवडतं, आपला आपण आकार काढायचा. कागदावर काढा, कापून चिकटवा, ट्यूनरच्या भोकांपासून कडेला जागा सोडा, आणि घरी जिगसॉ नसेल तर गावातल्या मेस्ताकडे, म्हणजे सुताराकडे, जा. त्याला गिटार माहीत नसली तरी लाकूड माहीत असतं, पाच मिनिटांत कापून देईल, वर हे लाकूड कसलं हलकं म्हणून टोमणाही मारेल. फणसाची बॉडी करून देतो म्हणाला तर तो विचार वाईट नाही, मृदंग आणि वीणा फणसाचीच करतात, पण ते पुढच्या गिटारला, या किटात नको.

फिनिशबद्दल थोडक्यात. सगळं परत खोला, १८० चा पॉलिश पेपर, मग २४०, मग ३२०, नेहमी लाकडाच्या रेषेत. ओल्या फडक्याने एकदा पुसा म्हणजे रेशे उभे राहतात, सुकलं की परत ३२०. फॅक्टरीतून गोंदाचे डाग येतात ते तेव्हाच दिसतात, तिथं स्टेन चढत नाही आणि रंग मारल्यावर पिवळे ठिपके उठतात. बासवुड असेल तर स्टेन ठिकठिकाणी जास्त पिऊन चट्टे पडतात, त्यापेक्षा सरळ अपारदर्शक रंग द्या. नेक पॉकेटमध्ये रंग जाऊ देऊ नका, मास्किंग टेप लावा, रंगाचा थर आला की नेक बसणार नाही आणि जबरदस्ती केली तर पॉकेटच्या कोपऱ्यात चीर जाते.

घरी स्प्रे करायला जागा नसेल तर दोन सोपे मार्ग. एक, चपडा लाख आणि स्पिरिट, म्हणजे आपलं जुनं फ्रेंच पॉलिश, कापसाचा बोळा फडक्यात बांधून पातळ हात मारत राहायचं, लवकर सुकतं, चूक पुसता येते, फक्त घाम आणि दारूचे थेंब त्याला मानवत नाहीत, गोव्यात ही अट जरा कडकच आहे म्हणा. दोन, उकळलेलं जवसाचं तेल किंवा टंग ऑईल, पातळ लावून वीस मिनिटांनी जास्तीचं पुसून टाकायचं, रोज एक हात. पण ही गंमत नाही, नीट ऐका: जवसाच्या तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, सुकताना ती तापतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात. एकेक सुटं करून परसात वाळत घाला किंवा पाण्यात बुडवून ठेवा. आणि गाड्यांचा टू-के क्लिअर (हार्डनर मिसळून मारायचा पारदर्शक थर) मारायचा असेल तर घरी नको, त्यातला हार्डनर फुफ्फुसांना वाईट असतो, गाड्या रंगवणाऱ्या गॅरेजवाल्याला बॉडी द्या, त्याच्याकडे मास्क आणि जागा दोन्ही असतं.

तोवर बॉडी सुकते आहे तर नेक घ्या हातात. हेच खरं काम आहे.

फ्रेटबोर्डवर मास्किंग टेप लावून फक्त फ्रेट उघडे ठेवा. छोटी सरळ पट्टी एका वेळी तीन फ्रेटांवर टेकवा आणि डुगडुगते का बघा. डुगडुगली तर मधला फ्रेट उंच आहे. आधी तो नीट बसलेला आहे का ते तपासा, बऱ्याचदा तो फक्त वर उचललेला असतो, लाकडाचा तुकडा ठेवून हातोडीने हलका ठोका, खाली बसतो. तरीही उंच राहिला तर मार्करने सगळ्या फ्रेटांचे माथे काळे करा, ट्रस रॉडने (नेकच्या आतली सळई, तिने नेकचा बाक बदलतो) नेक एकदम सरळ करून घ्या, आणि सपाट ठोकळ्याला ४०० चा पेपर चिकटवून नेकच्या लांबीत हलक्या हाताने फिरवा. जिथला काळा रंग आधी जातो तो उंच. सगळ्यांचा रंग माथ्यावरून जरासा गेला की थांबायचं, जास्त घासलं की फ्रेट चपटे होतात आणि सूर खरखरतो. मग छोट्या तिकोनी कानशीने कडा परत गोल करायच्या, ६००, १०००, २००० पेपर, आणि शेवटी मेटल पॉलिश. फ्रेटची टोकं बोटाला टोचत असतील तर कानस तिरकी धरून एकेक टोक मारा, कंटाळवाणं आहे, रेडिओ लावून सोप्यावर बसा आणि करा.

फ्रेटबोर्ड कोरडा दिसला तर लेमन ऑईलचे दोन थेंब पुरे. घरात कोणीतरी खोबरेल आणून देणारच, नको म्हणा, ते सुकत नाही, चिकट राहतं आणि पुढे वास मारतं. मेपलच्या फ्रेटबोर्डवर फिनिश असतं, त्याला तेलच नको.

आता इलेक्ट्रिकचं. स्ट्रॅटच्या किटात पिकगार्डवर सगळं जोडूनच येतं, तुम्हाला जॅकच्या दोन वायरी आणि ब्रिजच्या अर्थची एक वायर एवढंच लावायचं असतं. त्याआधी बॉडीच्या खोबणीत तांब्याचा टेप चिकटवा, तुकडे एकमेकांवर चढवून, आणि मल्टिमीटरच्या बीपवर तपासा की सगळे तुकडे एकमेकांना जोडलेले आहेत, मग त्याला अर्थला जोडा. सिंगल कॉईल पिकअप (तारांचा आवाज पकडणारं, एकाच गुंडाळीचं मॅग्नेट) ५० हर्ट्झची घुरघुर ओढणारच, शील्डिंगने ती कमी होते, जात नाही. ॲल्युमिनियम टेप स्वस्त पडतो पण त्यावर सोल्डर धरत नाही.

अर्थची वायर मागच्या स्प्रिंगच्या पट्टीला लावायची असते, त्याला क्लॉ म्हणतात, आणि तिथं सगळे अडकतात. लोखंडाचा मोठा तुकडा आहे, २५ वॉटच्या सोल्डरिंग आयर्नने तो तापतच नाही, सोल्डर गोळी होऊन वर बसतं आणि ओढलं की निघतं. पॉलिश पेपरने आधी चकाकी काढा, ४०-६० वॉटचं आयर्न घ्या, आधी पट्टीवर सोल्डर पसरवा, वायरीवर वेगळं चढवा, मग दोन्ही जोडा. जॅकला दोन टॅब असतात, आतल्या गोल बाहीला अर्थ, टोकाला टेकणाऱ्या लांब पट्टीला सिग्नल. पिकगार्ड बसवायच्या आधीच ॲम्प लावून स्क्रू ड्रायव्हरने पिकअपवर हलकं टकटक करा, स्विचच्या पाचही पोझिशनला कुठले आवाज येतात बघा. तारांना हात लावला की घुरघुर कमी होते ते बरोबर आहे. हात लावल्यावर वाढत असेल तर जॅकच्या वायरी उलट्या आहेत किंवा ब्रिजचा अर्थ सुटलाय.

आणि ॲम्पला तीन पिनांचीच पिन लावा, खरा अर्थ असलेल्या सॉकेटात. तारा या अर्थमधून थेट ॲम्पशी जोडलेल्या असतात, घराच्या वायरिंगमध्ये अर्थ नसेल, किंवा जत्रेत फेस्तात जनरेटरवर वाजवताय आणि कोणीतरी अर्थची पिन तोडून ठेवलीय, तर माईकला ओठ लागला की झटका बसतो. जुन्या घरात इलेक्ट्रिशियनला एकदा बोलवून सॉकेट तपासून घ्या.

आता जोडणी. नेकचे स्क्रू तिरपे-तिरपे आवळा, एका बाजूचे दोन आधी असं नको. ब्रिज बसवा. ट्रेमोलोचं पहिल्यांदा करताना माझं ऐका आणि ब्रिज बॉडीवर टेकवूनच ठेवा, क्लॉचे दोन स्क्रू आत घेत जा आणि स्प्रिंग तीनऐवजी चार-पाच लावा. तरंगता ब्रिज छान असतो पण एक तार बदलली की बाकी पाचांचा सूर हलतो, सेटअप शिकताना तो त्रास कशाला. तारा ००९ ते ०४२ चा सेट घ्या, पेगवर दोन-तीन वेढे पुरे, आणि ट्यून करून तारा हाताने थोड्या ओढून परत ट्यून करा, चार-पाच वेळा, तोवर त्या ताणून स्थिर होतात.

सेटअपला क्रम असतो आणि तो मोडला की सगळं परत करावं लागतं. पहिलं नेकचा बाक. जाड ई पहिल्या आणि १७ व्या फ्रेटवर दाबून धरा, सातव्या-आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेटमध्ये पाव मिलिमीटरची फट हवी. मोजायला फिलर गेज लागतो, त्यासाठी गिटारच्या दुकानात जाऊ नका, टू-व्हीलरच्या स्पेअर पार्ट्सच्या दुकानात टॅपेट सेट करायचा मिळतो, तोच. फट जास्त असेल तर ट्रस रॉड घड्याळाच्या दिशेने, कमी असेल किंवा नसेलच तर उलटा, एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही, आवळताना तारा जरा सैल करा, मग ट्यून करून परत मोजा. अडलं तर जोर लावू नका, तुटलेला ट्रस रॉड म्हणजे नवा नेक.

मग ॲक्शन, म्हणजे तारांची उंची. १७ व्या फ्रेटवर तार आणि फ्रेटमध्ये साधारण १.६ मिलिमीटर ठेवा, सॅडलच्या बारीक ॲलन स्क्रूने. सॅडल पार खाली गेले तरी तारा उंचच असतील तर नेक पॉकेटच्या ब्रिजकडच्या टोकाला जाड कागदाची पट्टी घालून नेक बसवा, नेक थोडा मागे झुकतो आणि तारा खाली येतात. व्हिजिटिंग कार्डाची पट्टी चालते, फार जाड नको.

नट. किटमधला प्लॅस्टिकचा असतो आणि खाचा जवळजवळ नेहमी उथळ, त्यामुळे एफ कॉर्ड धरताना बोटं मोडतात आणि पहिल्या फ्रेटवरचे सूर चढे लागतात. लोकांना वाटतं आपलीच बोटं कच्ची. तपासायचं असं: तिसऱ्या फ्रेटवर तार दाबा आणि पहिल्या फ्रेटच्या वर बघा, जेमतेम केसाएवढी फट असली पाहिजे. जास्त असेल तर खाच खोल करायची. नटच्या खास कानशी महाग, गॅस वेल्डिंगचे टिप क्लीनर हार्डवेअरच्या दुकानात मिळतात, वेगवेगळ्या जाडीच्या खरखरीत सळया असतात त्या, तारेच्या जाडीची निवडा आणि हेडस्टॉकच्या दिशेने किंचित उतार ठेवून घासा. दोन घास, तार लावून बघा, परत दोन घास. फार खोल गेलं की मोकळी तार खणखणते आणि मग नवा नट. मी तर म्हणेन पहिला खर्च करायचाच असेल तर नवीन पिकअप नको, हाडाचा नट आणि बरे ट्यूनर घ्या.

इंटोनेशन, म्हणजे नेकभर सूर खरा लागणं, सगळ्यात शेवटी. १२ व्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तारेला बोट न दाबता नुसतं टेकवून काढलेला सूर) आणि तिथंच दाबून काढलेला सूर ट्यूनर ॲपवर सारखा आला पाहिजे. दाबलेला चढा असेल तर सॅडल मागे, उतरा असेल तर पुढे, प्रत्येक वेळी ट्यून करून. पिकअपची उंची मग कानाने ठरवा, शेवटच्या फ्रेटवर तार दाबून दोन ते अडीच मिलिमीटर अंतरापासून सुरुवात करा, फार जवळ आणला की जाड तारांचा सूर थरथरतो कारण मॅग्नेट तार ओढतं.

हे सगळं झाल्यावर आठवड्याने बाक आणि ॲक्शन परत मोजा, नवा नेक तारांच्या ताणाखाली थोडा हलतोच. आणि पाऊस लागला की परत, मग ऑक्टोबर संपताना परत. पावसाच्या महिन्यांत गिटार बाहेरच्या भिंतीवर टांगू नका, त्या भिंती ओल धरतात, केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि वाजवून झाल्यावर तारा कोरड्या फडक्याने पुसा, समुद्राजवळ राहत असाल तर विशेष. ट्रस रॉडची ॲलन की केसच्या खिशातच ठेवा, टूलबॉक्समध्ये ठेवलीत तर जूनमध्ये ती सापडणार नाही.